'फॅदम' या शब्दाचा तळ कसा गाठायचा: दोरी, डिक्शनरी आणि सोसायटीची टाकी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत पाण्याची बोंब होती आणि रोज सकाळी एकच वाद, की टँकरवाला टाकी भरून गेला की अर्धीच ठेवून गेला. खालच्या टाकीत डोकावून कुणालाच काही कळत नव्हतं, नुसतं काळं पाणी दिसायचं. शेवटी मीटिंगमध्ये ठरलं की दोरी सोडून मोजायचं, आणि दोरी आणायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं कारण मी वर्क फ्रॉम होम, म्हणजे लोकांच्या मते रिकामा.

बोहरी आळीत गेलो. दुकानातल्या काकांनी टेप वगैरे काही काढला नाही, नायलॉनच्या दोरीचं टोक उजव्या चिमटीत धरलं, डावा हात सरळ बाजूला ताणला, दोरी छातीवरून घासत गेली, एक. परत चिमूट, परत ताण, दोन. मी म्हटलं, काका, मीटरने नाही का देत? तर म्हणाले, "माझा एक ताण म्हणजे सहा फुटाला दोन बोटं कमी, म्हणून शेवटी वीतभर जास्त सोडतो, घरी जाऊन मोजा." घरी जाऊन मोजली. बरोबर निघाली.

त्याच संध्याकाळी भाची परीक्षेची वर्डलिस्ट घेऊन आली. "मामा, हा एक शब्द डोक्यात राहतच नाही बघ." शब्द होता अनफॅदमेबल, आणि समोर छापलेला अर्थ 'अनाकलनीय'. आता एका न कळणाऱ्या शब्दाला दुसरा न कळणारा शब्द चिकटवला की तो पाठ कसा होणार. मी तिला म्हटलं, दुपारी बोहरी आळीत ज्या काकांना बघून आलो ना, ते करत होते तेच फॅदम. तिला वाटलं मामाने नेहमीसारखी थाप मारली.

थाप नव्हती. त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून हा शब्द मुळापासून खणला, आणि तो कसा खणला ते इथे क्रमाने लिहितोय म्हणजे तुम्हाला कुठलाही इंग्रजी शब्द असाच खणता येईल. खोलीचेच शब्द घ्यायचे असं काही नाही, पण सुरुवात खोलीपासून करा, कारण हे शब्द आपल्याकडेही त्याच वाटेने गेलेत आणि त्यामुळे मजा येते.

पहिली पायरी: उच्चार आणि वाक्य

स्पेलिंग एफ-ए-टी-एच-ओ-एम. फाथम नाही, फॅथॉम तर अजिबात नाही. फॅदम, त्यातला द 'दॅट'मधला, जीभ दातांना लागते तो. उच्चार आधी पक्का करायचा कारण पुढे नातेवाईक शोधताना कान लागतो.

मग शब्द ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य वहीत उतरवायचं. सुटा शब्द कधीच उतरवू नका, सुटा शब्द म्हणजे स्टँडवर चुकलेलं पोर, कुणाचं ते सांगता येत नाही. आम्ही दोन-चार वाक्यं जमवली तर लक्षात आलं की याचे दोन संसार आहेत. एकीकडे ते माप आहे, म्हणजे 'तिथे दहा फॅदम पाणी आहे' असं. दुसरीकडे क्रियापद, आणि ते बहुतेक वेळा नकारातच येतं, 'तो असं का वागला ते मला फॅदम करता येत नाही'. मला फॅदम झालं असं कुणी सहसा म्हणत नाही. आपल्याकडे बघा, 'त्याच्या मनाचा थांग लागत नाही' हे आपण दिवसातून दोनदा म्हणू पण 'थांग लागला' म्हणायची वेळ क्वचित. ही नकाराची गोष्ट वहीत लिहून ठेवली कारण ती पुढे उपयोगी पडली.

दुसरी पायरी: डिक्शनरी कुठली आणि तिच्यात बघायचं काय

मोबाइलमधली डिक्शनरी आजचा चालू अर्थ आधी देते. त्यात चूक काही नाही, पण आपल्याला उलटा प्रवास करायचाय. त्यासाठी ऐतिहासिक पद्धतीचा कोश लागतो, म्हणजे ज्यात सगळ्यात जुना अर्थ आधी आणि नवा शेवटी असतो. इंग्रजीत या पद्धतीचा मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्डचा, १८८४ पासून तो भागाभागाने निघत गेला आणि १९२८ ला पहिली आवृत्ती पुरी झाली. आपल्या पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा असाच कोश चालू आहे, डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये काम सुरू केलं, पहिला खंड १९७६ ला निघाला आणि त्यानंतर कित्येक खंड निघाले तरी गाडी अजून 'अ'च्याच शब्दांत आहे. लोक यावर हसतात. मी हसत नाही, एका शब्दाचा प्रत्येक जुना वापर हुडकून, तारीखवार लावून ठेवायचा म्हणजे काय हमाली असते ते एक शब्द खणला की कळतं. (आपल्याला पुढे 'व'मधला एक शब्द लागणार आहे, तो खंड बघायला बहुतेक माझी नातवंडं जातील.)

फुकटात काम भागवायचं तर विक्शनरी आणि एटिमऑनलाइन या दोन साइट पुरतात, पण दोन्ही उघडायच्या आणि ताडून बघायच्या. तिथे कंसात आणि तिरप्या अक्षरात जे असतं, जे आपण नेहमी गाळून पुढे जातो, तोच खरा माल. काही खुणा ओळखायला शिका. 'ओ' आणि 'ई' ही जोडी म्हणजे जुनी इंग्रजी, साधारण अकराव्या शतकापर्यंतची. नुसता 'एल' म्हणजे लॅटिन. 'सी-एफ' म्हणजे अमक्याशी ताडून पाहा, तिथून आला असं नव्हे, इथे भलेभले घसरतात. आणि शब्दाच्या डोक्यावर छोटी चांदणी असेल तर तो शब्द कुठल्याही जुन्या कागदावर सापडलेला नाही, अभ्यासकांनी बहीण-भाषांवरून हिशेब करून मांडलेला आहे. चांदणीवाल्या शब्दाला आजोबा म्हणायला हरकत नाही, पण फोटो बघितलाय असं सांगू नका.

तर या खुणा लावत गेल्यावर फॅदमच्या तळाशी काय निघालं? जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पसरलेले हात. कवेत घेणं. मिठी! भाची दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे ते दोरीवाले काका..." हो बाई, तेच.

तिसरी पायरी: चुलत भावंडं

एका साइटवर एक अर्थ सापडला म्हणून तो खरा मानायचा नाही, शेजारच्या भाषांत साक्षीदार शोधायचे. डॅनिशमध्ये याचाच भाऊ आहे, त्याचा अर्थ आजही मिठी असा होतो आणि मापही होतो. जर्मनमध्ये फाडेन, म्हणजे दोरा, आणि दर्यावर्दी लोकांच्या बोलीत खोलीचं मापही. मिठी आणि दोरा यांचा संबंध काय असं एरवी डोकं खाजवलं असतं, पण ज्याने बोहरी आळीत छातीवरून दोरी ओढताना बघितलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही.

आता जरा लांबचे. ग्रीक आणि लॅटिनमध्ये याच कुळातले शब्द प-ने सुरू होतात. पेटल, म्हणजे फुलाची पाकळी, पसरलेली. पेटंट, मूळ अर्थ उघडं, कारण पेटंट म्हणजे आधी राजाने हक्क दिल्याचं पत्र, आणि ते सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडं असायचं. दोन्हींच्या पोटात पसरणं, उघडं असणं. पण मग प-चा फ कसा झाला, असं भाचीने विचारलं, आणि विचारायलाच पाहिजे, नाहीतर कुठलाही शब्द कुठल्याही शब्दाला जोडता येईल. याचा नियम आहे. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू आठवतात ना, त्यातल्या याकोबने १८२२ मध्ये हा नियम पद्धतशीर मांडला म्हणून त्याला ग्रिमचा नियम म्हणतात. संस्कृत, लॅटिन, ग्रीकमधला प इंग्रजी-जर्मनच्या घरात फ होतो. आपण शाळेतच पाठ केलेलं असतं, फक्त कुणी सांगितलेलं नसतं: पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह, पितृ आणि फादर. तसाच त-चा थ होतो, त्रि आणि थ्री. आता पेटल आणि फॅदम एकाखाली एक लिहा, पहिलं व्यंजन बघा, मग दुसरं बघा. प-च्या जागी फ, त-च्या जागी थ, जो दोन स्वरांच्या मध्ये मऊ होऊन द झाला. पत्रिका अशी दोन्ही घरं जुळून आली की मगच लग्न लावायचं.

चौथी पायरी: शब्द हातात धरून बघा

ही पायरी कुठल्या कोशात नाही, माझी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. शब्दाच्या मुळाशी शरीराची काही हालचाल निघाली तर ती करून बघायची.

एक फॅदम म्हणजे आज बरोबर ६ फूट, मीटरमध्ये १.८२८८. दोन्ही हात आडवे पसरा, बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा, ते बहुतेकांच्या उंचीच्या आसपास येतं. भाचीचं आलं ५ फूट १ इंच, म्हणजे तिचा फॅदम दर्यावर्दी लोकांना पाणी कमी दाखवेल का जास्त, यावर तिने स्वतःच गणित केलं. (जास्त. आखूड हाताने मोजलं की आकडा फुगतो.)

जहाजावर याची रीत अशी होती. लांब दोरीच्या टोकाला शिशाचं वजन, वजनाच्या बुडाला एक खळगा, त्या खळग्यात चरबी भरायची. दोरी पाण्यात सोडायची, वजन तळाला टेकलं की दोरी सैल पडते ते हाताला कळतं. वर ओढताना वावा मोजायच्या, आणि चरबीला वाळू चिकटून आली की चिखल की शंखाचे तुकडे ते बघून तळ कसला आहे तेही समजायचं. दोरीवर खुणा बांधलेल्या असत: २ फॅदमला चामड्याच्या दोन पट्ट्या, ३ ला तीन, ५ ला पांढरं फडकं, ७ ला लाल, १० ला भोक पाडलेलं चामडं. चामडं आणि वेगवेगळं कापड अशासाठी की अंधारातही बोटांना फरक कळावा. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, खूण असलेल्या मापाला म्हणायचे मार्क आणि मधल्या बिनखुणेच्या मापाला, म्हणजे ४ किंवा ६ ला, म्हणायचे डीप. अमेरिकेत मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींवर दोन फॅदम, म्हणजे बारा फूट पाणी निघालं की 'मार्क ट्वेन' अशी आरोळी द्यायचे, बोट जायला पाणी पुरेसं आहे अशी. सॅम्युएल क्लेमेन्स नावाचा माणूस त्या नदीवर बोटी चालवायचा, त्याने १८६३ पासून तीच आरोळी टोपणनाव म्हणून घेतली. म्हणजे ज्याला जग मार्क ट्वेन म्हणून ओळखतं त्याचं नाव मराठीत करायचं तर 'खूण दोन'.

हीच रीत समुद्राच्या पार तळापर्यंत गेली. १८७५ च्या मार्चमध्ये चॅलेंजर नावाच्या ब्रिटिश जहाजाने पॅसिफिकमध्ये मारियाना गर्तेपाशी दोरी सोडली आणि आकडा आला ४,४७५ फॅदम. आठ किलोमीटरच्या वर. दोरीने.

आम्ही काय केलं, तर नव्या दोरीला दर फुटाला गाठ मारली, सहाव्या फुटाला लाल चिंधी बांधली, टोकाला जुनं पितळी कुलूप धुऊन लावलं. टाकीच्या झाकणापाशी वॉचमनकाका आणि मी दोघं, भाची लांब उभी, आणि हे नीट वाचा, टाकीत वाकायचं नाही आणि उतरायचं तर मुळीच नाही, बंद टाकीतल्या हवेने माणसं जातात. दोरी हळूहळू सोडली, कुलूप टेकलं, दोरी एकदम ढिली पडली, ती जी ढिली पडते ना ती बोटांत जाणवते, डोळ्यांना काही दिसत नाही. वर ओढली, ओली झालेली दोरी मोजली: चिंधीच्या वर दोन गाठी. एक फॅदम दोन फूट. भाचीने तिथल्या तिथे वहीत लिहिलं, टाकीचं पाणी फॅदम केलं. म्हणजे हा शब्द तिला एकदाचा सापडला होता, आता तो विसरायची सोय राहिली नाही.

पाचवी पायरी: आपल्या भाषेतला जोडीदार

याला मी भाषांतर म्हणत नाही. शोधायचं असं, की हीच हालचाल आपल्या लोकांनीही केली असणार, मग त्यांनी तिला काय नाव दिलं?

मघाशी 'वावा मोजायच्या' असं मी लिहून गेलो ते काही जणांना खटकलं असेल. वाव हा आपला शब्द आहे, दोन पसरलेल्या हातांमधलं अंतर. कोकणात कोळी लोक समुद्राच्या पाण्याची खोली वावेने सांगतात, वीस वाव पाणी म्हणतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बघा, पहिली आवृत्ती १८३१ ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ ची, तिचंच पुनर्मुद्रण आपल्या पुण्यात शुभदा-सारस्वतने १९७५ मध्ये केलं. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारून बघा, नाहीतर शिकागो विद्यापीठाच्या साइटवर पूर्ण कोश फुकट शोधता येतो. एक टिप, जुन्या मराठीत अनुस्वारांचा सुकाळ होता, त्यामुळे शब्द अनुस्वार देऊन आणि न देता असा दोन्ही तऱ्हांनी टाका, नाहीतर 'सापडलं नाही' म्हणून बंद कराल.

वाव आला संस्कृत 'व्याम'वरून. अमरकोशात व्यामची व्याख्या आहे, हातांसकट दोन्ही बाहू आडवे ताणले की मधलं अंतर, आणि लगेच पुढे दुसरं माप, हात वर केलेल्या माणसाइतकं, त्याला पौरुष. विहिरीची खोली सांगताना जुनी माणसं 'सात परस विहीर' म्हणायची तो परस याच जातीचा. म्हणजे समुद्राला आडवा माणूस लावला आणि विहिरीला उभा. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून बायकोला सांगायला गेलो, ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.

आता सावध. फॅदम आणि व्याम यांचा अर्थ तंतोतंत एक असला तरी रक्ताचं नातं नाही. फॅदम पसरण्याच्या धातूवरून, व्याम 'यम्' म्हणजे ताणण्या-आवरण्याच्या धातूवरून, आयाम आणि व्यायाम ज्याच्यातून आले तो. दोन गावांत दोघांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती काढली, इतकंच.

सहावी पायरी: खड्डे

यात सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून थोडक्यात. कानाला सारखं लागलं म्हणजे नातं, असं धरलं की संपलं. गुजरातेतली वाव, पाटणची राणी की वाव वगैरे, ती वापी म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीची, आपल्या हात पसरणाऱ्या वावेशी तिचा संबंध नाही, दोघी खोलीशी निगडित असल्या तरी. प्रगतिपुस्तकातला 'सुधारणेला वाव आहे' हा तर इथे आणूच नका. इंग्रजीत खोली मोजण्याला साउंडिंग म्हणतात तेव्हा लोकांना वाटतं आवाजावरून मोजतात म्हणून, पण तो साउंड फ्रेंचमधून आलेला वेगळाच शब्द आहे, आवाजावरून मोजायची यंत्रं फार पुढे आली.

आणि माझा आवडता खड्डा. प्रोफाउंड, म्हणजे सखोल, लॅटिन फुंडुस म्हणजे तळ यावरून. त्याच तळावरून फाउंडेशन, म्हणजे पाया, आणि त्याच तळावरून फंड, मुळाशी ठेवलेला पैसा. हा फुंडुस, इंग्रजी बॉटम आणि संस्कृत बुध्न हे खरेखुरे सख्खे आहेत, उत्तराभाद्रपदा नक्षत्राची देवता अहिर्बुध्न्य, खोल तळातला नाग, त्यातला तोच बुध्न. इतकं जमल्यावर आम्ही जोशात रिफंडही त्याच यादीत टाकला. चूक! रिफंड ओतण्याच्या क्रियापदावरून, परत ओतणे. दोन अक्षरांचा फरकही नाही आणि घराणं वेगळं. तेव्हापासून भाची कुठलाही शब्द जोडायच्या आधी "मामा, हा रिफंड तर नाही ना?" असं विचारते.

सातवी पायरी: अर्थ कसा सरकला ते एका रेषेत लिहा

मिठी, मग पसरलेल्या हातांचं माप, मग त्या मापाने पाण्याची खोली काढणं, मग सतराव्या शतकात माणसाच्या मनाची किंवा एखाद्या गोष्टीची खोली काढणं, म्हणजे समजून घेणं. आता ती नकाराची गोष्ट आठवा. दोरी संपते पण तळ लागत नाही, तिथून अनफॅदमेबल. म्हणजे 'अनाकलनीय'पेक्षा 'अथांग' हे भाषांतर हजारपट बरं, आणि वाक्यात 'थांग लागत नाही' त्याहून बरं.

आपले शब्दही असेच पाण्यातून बाहेर आलेत. गाध म्हणजे पायाने ओलांडता येईल असं पाणी, अगाध म्हणजे जिथे पाय टेकत नाहीत ते, आणि पुण्यात 'तुमचं अगाध ज्ञान' म्हटलं की समोरच्याने गप्प बसायचं असतं. गंभीर म्हणजे आधी खोल, मग चेहऱ्याने गंभीर. सखोल चौकशीतला खोल तर रोज पेपरात असतो, फक्त त्या चौकशीला दोरी किती वाव सोडली ते कुणी छापत नाही.

शेवटी नव्या शब्दाची दोन-तीन वाक्यं स्वतःची करा, स्वतःच्या घरातली. भाचीने केलेलं एक: 'मामा टाकीवर एवढा वेळ का घालवतो ते आई फॅदम करू शकत नाही.' व्याकरण चोख आहे, नकारातही आहे, पूर्ण मार्क.

टँकरचा वाद त्या आठ दिवसांत मिटला. दोरी आता आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला लावलीय आणि गाठींमुळे हँगर सरकत नाहीत म्हणून बायको रोज एक गाठ सोडवते. लाल चिंधी तेवढी तिने ठेवलीय, तिच्या अलीकडे माझे शर्ट, पलीकडे तिचे ड्रेस.